संशोधनासाठी रुग्णाची संमती कशी घ्यायची: माहितीपत्रकापासून माघारीपर्यंत

हा लेख थिसिस करणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरांसाठी, नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी आणि संशोधन प्रकल्पांवर समन्वयक म्हणून काम करणाऱ्यांसाठी आहे. अभ्यासाच्या फायली तपासायला बसलं की त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात. सही आहे, तारीख नाही. तारीख आहे, पण रक्त काढल्यानंतरची. अंगठा आहे, साक्षीदार नाही. साक्षीदार आहे, पण तो त्याच युनिटचा इंटर्न. मुळाशी गैरसमज एकच आहे. संमती म्हणजे सही, आणि सही म्हणजे पहिलं काम, असं धरून चाललं जातं. सही हे बोलणं पूर्ण झाल्याची नोंद असते, त्यामुळे खाली ती सातव्या टप्प्यावर आली आहे.

हा निव्वळ कागदपत्रांचा प्रश्न समजू नका. भारतात डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाचे २००२ चे विनियम आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) मार्गदर्शक तत्त्वांना सोडून घेतलेल्या संमतीला गैरवर्तन म्हणतात. म्हणजे संमतीतली चूक थिसिसपुरती राहत नाही, ती डॉक्टर म्हणून असलेल्या नोंदणीपर्यंत पोहोचू शकते.

दोन कागद हाताशी ठेवा. पहिला, आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं. माणसांवरच्या सगळ्या जैववैद्यकीय आणि आरोग्य संशोधनाला ती लागू आहेत. दुसरा, नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियम, २०१९. नव्या औषधाची चाचणी असेल तर तेही पाळावे लागतात. आपला अभ्यास कशात बसतो हे स्वतःच ठरवून मोकळं होऊ नका, एथिक्स कमिटीला (संशोधनाचा प्रस्ताव नैतिक बाजूने तपासून मंजुरी देणाऱ्या समितीला) लेखी विचारा.

## टप्पा १: कमिटीकडे जाण्याआधीची तयारी

एका कोऱ्या कागदावर दोन रकाने करा. डावीकडे लिहा, अभ्यास नसता तरी या रुग्णाचं काय काय झालं असतं. उजवीकडे लिहा, फक्त अभ्यासामुळे काय होणार आहे. जास्तीची रक्ताची नळी, जास्तीची सोनोग्राफी, एक ज्यादा फेरी, अर्ध्या तासाची प्रश्नावली, फोनवरून पाठपुरावा, रेकॉर्डमधून घेतलेली माहिती, उरलेल्या नमुन्याचा पुढचा वापर. काहीही किरकोळ म्हणून सोडू नका.

हा कागद फार उपयोगी पडतो. बहुतेक सहभागींना वाटत असतं की डॉक्टर जे करतात ते आपल्या उपचारासाठीच करतात. आपण रकाने वेगळे केले नसतील, तर आपल्या बोलण्यातही उपचार आणि संशोधन यांची सरमिसळ होते आणि रुग्णाचा तो समज आणखी पक्का होतो. उजव्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीपुढे त्रास काय, वेळ किती जाणार आणि खर्च कोण करणार हे लिहा. अभ्यासासाठीच्या तपासणीचं बिल रुग्णाच्या माथी जाता कामा नये. अभ्यासासाठी ज्यादा फेरी मारावी लागणार असेल, तर प्रवासखर्चाची तरतूद आधीच करून कमिटीपुढे ठेवा. रक्कम प्रवास आणि बुडालेली मजुरी भरून निघेल इतकी असावी. पैशाकडे बघून माणूस धोका पत्करेल इतकी नसावी.

आता क्रम. कमिटी नोंदणीकृत आहे का ते पाहा. तिची लेखी मंजुरी हातात येऊ द्या. अभ्यास क्लिनिकल चाचणी असेल, तर पहिला सहभागी घेण्याआधी सीटीआरआयवर (क्लिनिकल चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत) नोंदणी पूर्ण करा. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही. "आधी पाच-दहा केसेस करून घेऊ, मग नोंदवू" हा हिशेब तिथेच अडकतो.

तपासा: मंजुरीचं पत्र, सीटीआरआय क्रमांक (लागू असेल तर) आणि कमिटीचा शिक्का असलेलं संमतीपत्र हे सगळं फायलीत येईपर्यंत वॉर्डात कुणाशीही अभ्यासाबद्दल बोलायचं नाही.

## टप्पा २: माहितीपत्रक लिहिणं

सीनियरच्या थिसिसमधलं माहितीपत्रक उचलून नाव बदलणं ही सर्रास चालणारी गोष्ट आहे. त्यातून जुन्या गाइडचा फोन नंबर, जुन्या औषधाचे दुष्परिणाम आणि भलत्याच आजाराचं वर्णन तसंच पुढे जातं. कोऱ्या कागदावरून सुरुवात करा. वरचा उजवा रकाना समोर ठेवलात तर निम्मं पत्रक तयारच आहे.

त्यात हे मुद्दे आलेच पाहिजेत: हे संशोधन आहे असं स्पष्ट विधान, हेतू, कालावधी, नेमकं काय केलं जाणार, त्रास आणि धोके, फायदा असेल तर तो कुणाला, भाग न घेतल्यास दुसरे उपचार कोणते, माहिती गुप्त कशी राहणार, इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची सोय, नाही म्हणण्याचा आणि मध्येच सोडण्याचा हक्क, नमुने जपून ठेवणार असल्यास त्यांचं पुढे काय होणार, आणि दोन फोन नंबर. एक संशोधकाचा आणि एक एथिक्स कमिटीचा. कमिटीचा नंबर बरेचदा गाळला जातो. संशोधकाविरुद्धच तक्रार असेल तर सहभागीने जायचं कुठे, याचं उत्तर तो नंबर आहे.

दोन वाक्यं दिसली की पत्रक परत लिहायला घ्या. पहिलं, "या अभ्यासात कोणताही धोका नाही." रक्त काढताना सुई दुखते, जागा काळी-निळी पडते, कुणाला चक्कर येते. प्रश्नावलीत गर्भपाताबद्दल किंवा दारूबद्दल विचारलं तर मनाला त्रास होतो, आणि घरच्यांना कळण्याची भीती असते. तसं लिहा. दुसरं, "आपल्याला या अभ्यासाचा फायदा होईल." फायदा होणार हे आधीच माहीत असतं तर अभ्यास करण्याची गरजच उरली नसती. "तुम्हाला स्वतःला फायदा होईलच असं नाही. मिळालेल्या माहितीचा पुढच्या रुग्णांना उपयोग होऊ शकतो" एवढं पुरे.

## टप्पा ३: मराठी मजकूर तपासणं

इंग्रजी मसुदा मंजूर होतो आणि मराठी घाईघाईत उरकलं जातं. रुग्ण मात्र मराठीच वाचणार किंवा ऐकणार असतो. नेहमी दिसणारं एक वाक्य घ्या:

"सदर संशोधन प्रकल्पांतर्गत आपल्या शिरेद्वारे ५ मि.लि. रक्तनमुना संकलित करण्यात येईल व त्याचे जैवरासायनिक विश्लेषण करण्यात येईल."

हेच असं सांगता येतं:

"तुमच्या हाताच्या शिरेतून एकदा ५ मिली, म्हणजे साधारण एक छोटा चमचा, रक्त घेऊ. त्यातून शुगर आणि चरबीचं प्रमाण तपासू. ही तपासणी फक्त अभ्यासासाठी आहे."

दुसऱ्या मजकुरात किती, किती वेळा, कशासाठी आणि कुणासाठी ही चारही उत्तरं आली. सोनोग्राफी, बीपी, शुगर, एक्स-रे, सलाईन हे शब्द घराघरांत माहीत आहेत, ते तसेच वापरा. शुद्ध मराठीच्या हट्टापायी रुग्णाला न कळणारा शब्द लिहिणं मला अन्यायाचं वाटतं.

रँडमायझेशन, म्हणजे कुणाला कुठला उपचार हे नशिबावर सोडणं, समजावणं सगळ्यात अवघड जातं, म्हणून तो मजकूर आधीच घोटून ठेवा: "दोन औषधं आहेत. तुम्हाला कुठलं मिळेल हे मी ठरवणार नाही आणि तुम्हालाही ठरवता येणार नाही. चिठ्ठी काढावी तसं ते कॉम्प्युटरवर निघेल." प्लासिबो असेल तर "औषध नसलेली, पण दिसायला तशीच गोळी" असं सरळ लिहा.

मराठी मजकूर दुसऱ्या कुणाकडून परत इंग्रजीत करून घ्या आणि मूळ मसुद्याशी ताडून पाहा. त्यानंतर वैद्यकीय क्षेत्राबाहेरच्या एखाद्या व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखवा. ती जिथे अडखळेल तिथे वाक्य मोडा.

सावधान: मंजुरीनंतर मराठी मजकुरात एक ओळ जरी बदलली, तरी तो नवा मसुदा झाला. आवृत्ती क्रमांक आणि तारीख बदलून तो पुन्हा कमिटीकडे पाठवा. जुन्या झेरॉक्स वॉर्डातून काढून टाका, नाहीतर रात्रपाळीला नेमक्या त्याच वापरल्या जातात.

## टप्पा ४: कुणी, कुठे, केव्हा

संमती घेणारी व्यक्ती अभ्यास पूर्ण समजलेली असावी आणि तिला हे काम लेखी सोपवलेलं असावं. "जरा तेवढ्या सह्या घेऊन ये" म्हणून इंटर्नला पाठवणं बंद करा. उपचार करणारा डॉक्टर आणि संशोधक एकच असेल, तर रुग्णाला नाही म्हणणं जड जातं. शक्य असेल तिथे बोलण्याचं काम टीममधल्या अशा व्यक्तीला द्या, जिच्या हातात या रुग्णाचा उपचार नाही.

जागा अशी हवी की शेजारच्या खाटेवर ऐकू जाणार नाही. ओपीडीच्या रांगेत, स्ट्रेचरवर, ऑपरेशन थिएटरच्या दारात, कळा चालू असताना किंवा गुंगीचं इंजेक्शन दिल्यानंतर घेतलेल्या सहीला अर्थ नाही. ठरलेल्या ऑपरेशनचा रुग्ण असेल तर आदल्या दिवशी बोला, पत्रक त्याच्याजवळ ठेवा आणि उत्तरासाठी परत जा.

नातेवाइकांचा प्रश्न इथेच येतो. रुग्णाला घरच्यांशी बोलायचं असेल तर जरूर वेळ द्या. पण शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईच्या जागी नवऱ्याची सही चालत नाही, आणि आजींच्या जागी मुलाची चालत नाही. गावात जाऊन सर्वेक्षण करत असाल तर सरपंचांची परवानगी गावात शिरण्यापुरती असते. तिच्या जोरावर एकाही घरातली संमती गृहीत धरता येत नाही.

## टप्पा ५: बोलायचं कसं

पहिलं वाक्य उपचाराबद्दलची भीती काढून टाकणारं असू द्या: "काका, तुमचा जो उपचार ठरलाय तो होणारच आहे. मी वेगळ्या गोष्टीसाठी आलोय. आम्ही एक अभ्यास करतोय, त्याबद्दल सांगतो. ऐकून घ्या, मग हो म्हणा किंवा नाही म्हणा." ही चार वाक्यं पाठ असली तरी हरकत नाही.

पुढचा क्रम असा ठेवा: अभ्यास कशासाठी, तुम्हाला काय करावं लागेल, त्रास काय होईल, फायद्याची खात्री का नाही, नाही म्हटलं तर काय. "नाही म्हटलं तर" हा भाग सांगताना आवाज खाली जातो आणि वेग वाढतो, असं अनेकांचं होतं. तो भाग सावकाश, डोळ्यांत बघून सांगा. प्रत्येक मुद्द्यानंतर थांबा. "काही शंका?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "नाही." त्याऐवजी "यातलं काय विचारावंसं वाटतंय?" असं विचारून पाच-सहा सेकंद गप्प राहा. प्रश्न येतो.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य: "डॉक्टर, तुम्ही म्हणाल तसं." यावर पेन पुढे करायचं नाही. हा विश्वास आहे, आणि त्याचा मान राखायचा तर तो असा वापरून चालणार नाही. म्हणा, "आजी, उपचाराचं मी सांगेन. हे मात्र तुमच्यावर आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी मी उद्या राउंडला येणार आणि तुमची ड्रेसिंग तशीच होणार." एवढं सांगूनही त्या तेच म्हणत असतील तर तिथेच थांबा. पत्रक ठेवा, संध्याकाळी परत या.

सावधान: "सगळ्यांनीच सही केलीय", "नुसती फॉर्मॅलिटी आहे", "सरांनी सांगितलंय", "तपासणी फुकट होईल". यातलं एकही वाक्य तोंडून गेलं तर ती संमती दबावाखालची किंवा आमिषाची ठरते.

## टप्पा ६: समजलं का, ते बघणं

"समजलं ना?" या प्रश्नाने काहीच कळत नाही. परीक्षा आपल्या समजावण्याची आहे असं सांगून विचारा: "मावशी, मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर मुलीला काय सांगाल, डॉक्टर कशाला आले होते?"

मग चार गोष्टी त्यांच्याच शब्दांत यायला हव्यात:

१. हा अभ्यास आहे, नेहमीचा उपचार नाही.
२. माझ्यावर नेमकं काय जास्तीचं केलं जाणार आहे.
३. त्यातला मुख्य त्रास कोणता.
४. मी नाही म्हटलं किंवा मध्येच सोडलं तरी उपचार थांबणार नाही.

पहिलं किंवा चौथं उत्तर चुकलं तर पुन्हा समजावा. दोनदा समजावूनही गोंधळ राहिला तर त्या व्यक्तीला अभ्यासात घेऊ नका. नमुन्यांची संख्या एकाने कमी झाली तरी चालेल.

## टप्पा ७: सही, अंगठा, साक्षीदार

आता कागद बाहेर काढा. क्रम असा:

१. फॉर्मवरचा आवृत्ती क्रमांक, तारीख आणि शिक्का पाहा.
२. सहभागीने नाव, सही आणि तारीख स्वतः लिहायची. तारीख आपण भरायची नाही. वेळेची नोंद असेल तर उत्तम, कारण रक्त त्याच दिवशी काढलं असेल तर आधी काय झालं हे वेळेवरूनच सिद्ध होतं.
३. ज्या व्यक्तीने समजावलं तिनेच स्वतःची सही आणि तारीख घालायची. त्या दिवशी हजर नसलेल्या गाइडने नंतर सही करू नये.
४. एक प्रत सहभागीला द्यायची. मूळ प्रत आपल्या फायलीत.
५. केस पेपरवर दोन ओळींची नोंद: कुणी, केव्हा, कुठल्या भाषेत समजावलं, काय प्रश्न आले, प्रत दिली.

वाचता न येणाऱ्या सहभागीचा अंगठा घेताना निष्पक्ष साक्षीदार लागतो. तो साक्षर हवा, सहभागीचा नातेवाईक नको आणि अभ्यासाशी त्याचा कसलाही संबंध नको. इथे नेहमी होणारी चूक अशी: सगळं बोलणं झाल्यावर शेवटच्या मिनिटाला कुणालातरी हाक मारून सही घेतली जाते. साक्षीदार पहिल्या वाक्यापासून समोर बसलेला असला पाहिजे, कारण माहिती दिली गेली आणि संमती मनाने दिली गेली, याची तो साक्ष देतो. म्हणून बोलणं सुरू करण्यापूर्वीच "तुम्हाला वाचता येतं का?" हे सौम्यपणे विचारून घ्या.

अगदी नव्या रेणूपासून बनलेल्या औषधाची चाचणी असेल आणि सहभागी असुरक्षित गटातला (ज्याला स्वतःचं हित जपणं किंवा मोकळेपणाने नाही म्हणणं अवघड जातं असा) असेल, तर २०१९ च्या नियमांनुसार या संवादाचं दृकश्राव्य चित्रीकरण करावं लागतं. एचआयव्ही आणि कुष्ठरोगावरच्या औषधांच्या चाचण्यांत फक्त आवाज नोंदवतात, म्हणजे चेहरा उघड होत नाही.

तपासा: खाडाखोड झाली तर एक रेघ मारून बाजूला योग्य मजकूर, सही आणि तारीख. व्हाइटनर नाही. मागची तारीख तर कधीच नाही.

## टप्पा ८: मुलं आणि शुद्धीवर नसलेले रुग्ण

१८ वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची संमती लागतेच, पण तेवढ्यावर काम संपत नाही. आयसीएमआरच्या तत्त्वांनुसार ७ ते ११ वर्षांच्या मुलाची तोंडी सहमती (मुलाचा स्वतःचा होकार) पालकांसमोर घ्यायची आणि १२ ते १८ वयोगटात ती लेखी घ्यायची. त्यासाठी मुलाच्या वयाला कळेल असं वेगळं छोटं पत्रक लागतं, मोठ्यांचं पत्रक चालत नाही. किमान धोका, म्हणजे रोजच्या आयुष्यात किंवा नेहमीच्या तपासणीत असतो तेवढाच, असेल तर एका पालकाची संमती पुरते. धोका त्याहून जास्त असेल आणि मुलाला थेट फायदा नसेल, तर दोघांची मागितली जाऊ शकते. मुलगा अभ्यास चालू असताना १८ चा झाला की त्याची स्वतःची नव्याने संमती घ्या.

शाळा किंवा वसतिगृहात काम करणाऱ्यांनी आंध्र प्रदेश आणि गुजरातमधला २००९-१० चा एचपीव्ही लशीचा (गर्भाशयमुखाचा कॅन्सर टाळण्यासाठीच्या लशीचा) प्रकल्प ध्यानात ठेवावा. तेव्हा आंध्रात असलेल्या (आता तेलंगणातल्या) खम्मम जिल्ह्यात मुलींच्या पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी मोठ्या संख्येने फॉर्मवर सह्या केल्या होत्या. २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदीय स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. पालक दूर राहतात म्हणून मुख्याध्यापकांची सही घेऊ नका. पालकांपर्यंत पोहोचता येत नसेल तर त्या मुलाला वगळा.

रुग्ण बेशुद्ध असेल तर कायदेशीर प्रतिनिधीची संमती घेता येते, तीही कमिटीने तशी मुभा दिली असेल तरच. रुग्ण शुद्धीवर आला की त्याला सगळं सांगून त्याची संमती पुन्हा घ्यायची. तो नाही म्हणाला तर तो निर्णय मान्य करायचा.

जुन्या केस पेपरवरच्या किंवा ओळख पुसलेल्या उरलेल्या नमुन्यांवरच्या अभ्यासाला संमतीतून सूट मिळू शकते. ती सूट फक्त एथिक्स कमिटी देते. "रेकॉर्डच तर बघायचंय" म्हणून ती आपणच स्वतःला देऊ नये.

## टप्पा ९: सहीनंतर

नवा दुष्परिणाम समोर आला, प्रोटोकॉल (अभ्यासाचा मंजूर लेखी आराखडा) बदलला किंवा नमुना वेगळ्या कामासाठी वापरायचं ठरलं, तर चालू सहभागींना पुन्हा विचारा. नव्या औषधाच्या चाचणीत गंभीर घटना घडली तर ती २४ तासांत एथिक्स कमिटी, औषध नियामक आणि प्रायोजक यांना कळवावी लागते. रुग्णाचा फोटो किंवा रिपोर्ट युनिटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. गुप्ततेचं जे वचन पत्रकात दिलं, ते तिथे मोडतं. नाव आणि सहभागी क्रमांक जोडणारी यादी वेगळ्या कुलपात ठेवा.

कुणी माघार घेतली तर कारण सांगायची सक्ती नाही. तोपर्यंत जमलेल्या माहितीचं आणि उरलेल्या नमुन्याचं काय करायचं, हे पत्रकात जसं लिहिलंय तसंच करा. केस पेपरवर "सहकार्य करत नाही" असा शेरा मारू नका. पुढचा डॉक्टर तो वाचतो आणि त्या रुग्णाकडे त्याच नजरेने बघतो.

आणि संमती न घेताच एखाद्याचं रक्त काढलं गेलं, किंवा जुन्या आवृत्तीवर सही झाली असं लक्षात आलं तर? त्या सहभागीवरचं अभ्यासाचं काम लगेच थांबवा. जाऊन त्याला घडलेलं सांगा. गाइडला कळवा आणि काय झालं, केव्हा लक्षात आलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं, हे लिहून कमिटीला विचलनाचा (मंजूर पद्धत मोडल्याचा) अहवाल द्या. ती माहिती आणि तो नमुना वापरायचा की नाही हे कमिटी ठरवेपर्यंत दोन्ही वेगळे ठेवा. रुग्णाला परत बोलावून जुनी तारीख घालून सही घेणं हा इथला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात घातक मार्ग आहे. विचलन कमिटीपुढे मांडता येतं, त्यावर तोडगा निघतो. मागची तारीख घातलेला कागद मात्र बनावट दस्तऐवज ठरतो.